आयता चहा आणि अकरा लाख

गुहागर तालुक्यातून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय सत्तावन्न. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं नोकरी, येत्या ३१ मेला निवृत्ती. यजमानांची हापूसची बाग, मुलगा-सून पुण्यात. आजवरचा प्रवास म्हणजे पंढरपूर, कोल्हापूर, मुलाचं घर आणि शाळेच्या सहलींबरोबर रायगड-प्रतापगड, तोही पोरांची डोकी मोजत. डी.एड.ची एक मैत्रीण गेल्या वर्षी स्वित्झर्लंडला जाऊन आली. साधी सहल नव्हे. पंचतारांकित हॉटेलं, दारात गाडी, काचेच्या छताची रेल्वे. आल्यावर म्हणाली, "मी बदलूनच आले गं. आयुष्याकडे बघायची नजरच बदलली." तिनं दिलेल्या माहितीपत्रकावरही तेच छापलं आहे: आयुष्य बदलून टाकणारे दहा दिवस. दोघांचे अकरा लाख. निवृत्तीच्या पैशातून जावं असं बाईंच्या मनात आहे. यजमान म्हणतात, "एवढ्यात घराचं छप्पर नवं होईल. तुला हौस असेल तर मैत्रिणीबरोबर जा, मला काय तिकडे?" मुलगा म्हणतो, "आई, बिनधास्त जा." बाई विचारतात: अशा प्रवासानं खरंच माणूस बदलतो का? बदलत असेल तर पैसे सत्कारणी लागले म्हणता येईल, नाहीतर ती निव्वळ उधळपट्टी. आणि शेवटी, ता. क. म्हणून एकच ओळ: "खरं सांगू? मला एकदा तरी कुणी हातात आयता चहा आणून दिलेला हवाय."

प्रिय बाई,

तुम्हाला ताई म्हणणार होते, पण चौतीस वर्षं ज्यांना सारा गाव 'बाई' म्हणतो त्यांना आणखी काय म्हणायचं?

तुमचं पत्र चार पानांचं. अक्षर फळ्यावरचं, ओळ न सोडणारं. पावणेचार पानं तुम्ही हिशेब मांडलात आणि शेवटच्या ओळीत काय ते सांगून टाकलंत. मी आधी त्या ओळीकडेच जाते. स्वित्झर्लंड कुठे पळून जात नाही.

तुम्हाला आयता चहा हवाय. त्यात आयुष्य बदलण्याचा संबंध कुठे आला? तो आला, कारण नुसता चहा मागायची तुम्हाला सवय नाही. तहसीलदार कचेरीत अर्ज करताना आपण उत्पन्नाचा दाखला जोडतो, रहिवासी दाखला जोडतो. तसा तुम्ही हौसेच्या अर्जाला 'माणूस बदलतो' असा दाखला जोडायला निघालात. दाखला मिळाला तर अर्ज मंजूर, नाहीतर उधळपट्टी. पण हा अर्ज तुम्ही करताय कुणाकडे? पैसे तुमचे, तुमच्याच पगारातून दर महिन्याला कापलेले. शेजारच्या घरात नवी मोटरसायकल आली तर "हिच्यानं तुझं आयुष्य बदलेल का रे?" असं कुणी विचारत नाही. हवी होती, घेतली. बायकांच्या हौसेला मात्र काहीतरी वजनदार कारण लागतं. देवदर्शन आहे, नातवाचं बारसं आहे, डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. हल्ली त्या यादीत 'आयुष्य बदलतं' ही भर पडली आहे, आणि माहितीपत्रक छापणाऱ्यांनी ती बरोबर हेरली आहे.

आपल्या भाषेतली एक गंमत बघा. "जिवाला चैन पडत नाही" म्हणतो तेव्हा चैन म्हणजे स्वस्थता. "चैन चाललीय नुसती" म्हणतो तेव्हा तीच डोळ्यांत खुपते. शब्द एकच. अकरा लाखांत दुसरी चैन नक्की मिळते. पहिली मिळेल का, हे मात्र त्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांतही लिहिलेलं नाही.

माझाच किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी भाचीचं लग्न आपल्याच किनाऱ्यावरच्या एका बड्या रिसॉर्टमध्ये झालं. मुलाकडचे मुंबईचे, खर्च त्यांचा. माझ्या माहेरापासून ती जागा वीसेक किलोमीटरवर. लहानपणी ओहोटीला आम्ही तिथे तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचो. आता तिथे पांढऱ्या गाद्यांच्या आरामखुर्च्या मांडलेल्या. पहिल्या सकाळी नाश्त्याच्या कार्डावर 'राइस क्रेप' वाचलं, कुतूहलानं मागवलं, तर आलं आपलं घावन. तेच जाळीदार, फक्त त्रिकोणी घडी घातलेलं आणि वर पुदिन्याचं पान. घेऊन आला तो पोरगा माझ्या माहेरच्या वाडीतला. त्याच्या आईकडून मी दर पावसाळ्यात करटुली घ्यायचे. त्यानं पहिली बशी ठेवली आणि मी सवयीनं उठले, दुसरी त्याच्या हातातून घ्यायला. तो मान न वळवता हळूच म्हणाला, "काकी, उठू नका. वर कॅमेरा आहे."

मी बसले. तो उभा, मी बसलेली. डोळ्यांसमोर मात्र त्याच्या आईच्या ओटीवर आम्ही दोघी सुपात करटुली निवडत बसलेल्या, एकाच चटईवर. घास उतरेना. घावन गार होऊन चामट झालं.

दुसऱ्या दिवशी घास उतरला. आणि तिसऱ्या दिवशी, बाई, कॉफी यायला पाच मिनिटं उशीर झाला तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मी! जिनं गॅसचा नंबर लावून महिना महिना रॉकेलच्या स्टोव्हवर काढलाय.

तीन दिवस पुरले. माणूस सुखाला किती चटकन सरावतो याला मानसशास्त्रात नाव आहे. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या दोघांनी १९७१ साली 'हेडॉनिक ट्रेडमिल' अशी कल्पना मांडली. पायाखालचा पट्टा सरकत राहतो, आपण चालतो भरपूर आणि असतो तिथेच. त्या तीन दिवसांत माझ्यात बदल झाला नाही असं नाही. झाला, पण सांगण्यासारखा नव्हता.

आणखी एक पाहणी तुम्हाला आवडेल. नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांची, २०१० साली प्रसिद्ध झालेली. सुट्टीला जाणारे लोक निघण्याआधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खुशीत होते. परत आल्यावर मात्र दोघांत फारसा फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, तेवढ्यांचीच खुशी थोडी पुढे टिकली. म्हणजे आंबा पाडाला लागल्यावर जो आनंद असतो तो पेटी भरताना नसतो. बागायतदाराच्या बायकोला हे वेगळं कशाला सांगू?

त्यातला 'निवांत' हा शब्द धरून मी तुम्ही पाठवलेली माहितीपत्रकाची झेरॉक्स पुन्हा वाचली. दहा दिवसांत पाच गावं. सकाळी साडेसातला बॅगा दाराबाहेर. गाद्या भारी असतील, पण त्यांवर लोळायला वेळ कुठे ठेवलाय? तिसऱ्या दिवशी युंगफ्राउयोख, म्हणजे ३,४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन. १९१२ पासून तिथवर गाडी जाते. आपण समुद्रसपाटीला जन्म काढलेली माणसं. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या दुपटीहून उंच जागी बसल्या बसल्या पोचायचं. तिथे छाती भरून येईल ती देखाव्यानं की विरळ हवेनं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. प्रवासानं आयुष्य बदलतं का? बदलतं. कोकणात याला नाही म्हणणारं घर सापडणार नाही.

माझे आजोबा चौदाव्या वर्षी जयगडहून बोटीनं मुंबईला गेले. पडावातून मोठ्या बोटीपर्यंत जायचं आणि लाटेचा अंदाज घेऊन शिडी धरायची. डेकवर अंथरायला घोंगडी, फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या. मुंबईत उतरले ते परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि वीसजणांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपू लागले. त्या एका रात्रीनं आमच्या घराचं सगळं बदललं. बोली बदलली, ताटातलं बदललं, पोरं शाळेत गेली, जमीन कसायची सोडून मनीऑर्डरीची वाट बघायची सुरू झाली. पण आजोबांना कधीही विचारा, तो प्रवास कसा झाला, तर ते दोनच शब्द सांगायचे: "बोट लागली."

ज्या प्रवासानं माणूस खरा बदलतो त्यात असंच काहीतरी असतं. ओळखीचं कुणी नसतं, पुढे काय ते माहीत नसतं, कुणा परक्याच्या भरवशावर राहावं लागतं. आणि थाटाची सहल विकणारे नेमकं हेच काढून टाकायचे पैसे घेतात. विमानतळावर तुमच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा, जेवणात वरण-भात, सोबतीला मराठी बोलणारा मॅनेजर. अडचण यायलाच नको म्हणून आपण अकरा लाख मोजतो आणि वर म्हणतो, बदल पण हवा. तो कुठल्या दारानं आत येणार?

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी उगाच हालअपेष्टांचं कौतुक करतेय असं वाटेल. गुडघे ठणकत असताना आल्प्स दिसत नाहीत, फक्त पुढची पायरी दिसते. आजोबांनी त्या रात्री समुद्र बघितला असेल असं मला वाटत नाही. तेव्हा सोय हवीच. सोय आणि थाट यांत फरक आहे, एवढंच. त्याचं गणित खाली मांडते.

रत्नागिरीत माझ्या घरापासून थिबा राजवाडा चालत पंधरा मिनिटांवर. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या राजाला गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी टेकाडावर हा राजवाडा बांधून झाला. रंगीत काचा, सागवानी काम, खाली खाडी, पलीकडे समुद्र. १९१६ साली राजा इथेच वारला. हॉटेलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर 'सी व्ह्यू' म्हणून रत्नागिरीत याहून सरस जागा नाही. संध्याकाळी तिथे फिरायला गेले की दरवेळी वाटतं, घरी जायची मुभा नसलेल्या माणसाला तो सूर्यास्त कसा दिसत असेल? तुम्हाला ती मुभा आहे. दहाव्या दिवशी तुम्ही घरी येणार.

आणि घरी आल्यावर काय, हे तुम्ही चार पानांत कुठेच विचारलेलं नाही.

३१ मेला निवृत्ती म्हणजे तुमची जन्मतारीख १ जून असणार. शाळेत नाव घालताना गुरुजींनीच टाकलेली. आपल्या पिढीत निम्म्या गावाची तीच असते. बाई, तुमचं आयुष्य बदलायला झुरिकचं तिकीट लागत नाही. ते ३१ मेला संध्याकाळी, शाल-श्रीफळ हातात पडलं की आपोआप बदलणार आहे. जूनच्या मध्याला शाळा उघडेल. घंटा तुमच्या ओटीपर्यंत ऐकू येत असेल. पोरं चिखल तुडवत जातील, त्यातलं एखादं सवयीनं तुमच्या दाराशी थांबेल. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला कुठे जायचं नसेल. मैत्रीण तुम्हाला 'जूनच्या पहिल्याच आठवड्यात निघू' म्हणत असेल तर माझा त्याला विरोध आहे. ती घंटा एकदा घरात बसून ऐका. रडू आलं तर येऊ दे. माझ्या ओळखीचे एक सर निवृत्तीनंतर आठवड्याभरात परदेशी गेले, फार मोठ्या थाटात. परतले तेव्हा मोबाइलमध्ये हजारभर फोटो होते आणि सकाळी दहा वाजता करायला काही नव्हतं. दोन महिने ते घरोघरी फोटो दाखवत फिरले. लोक चहा पाजायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

मैत्रिणीचं म्हणणं मी खोटं पाडत नाही. फक्त तिला एक विचारा: "परत आल्यापासून मंगळवारी सकाळी तू काय वेगळं करतेस?" नजर बदलली हे वाक्य कुणालाही बोलता येतं, मंगळवार लपवता येत नाही. तिनं खरंच काही सांगितलं, पहाटे फिरायला जाते म्हणाली, सुनेशी भांडण मिटवलं म्हणाली, तर ते कशामुळे झालं तेही विचारा. माझा अंदाज, पंचतारांकित पलंगामुळे नसेल. दहा दिवस ती कुणाची आई, कुणाची सून नव्हती, यामुळे असेल. हे दहा दिवस मिळवायचे स्वस्त मार्गही आहेत, हे तिच्या लक्षात आलं नसेल कदाचित.

यजमानांबद्दल दोन शब्द. "मला काय तिकडे" हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला ते वेगळं ऐकू आलं. बागेत ते राजे आहेत. कलमाच्या पालवीकडे बघून यंदा मोहोर कधी धरेल ते सांगतात. तिकडे नळ कसा सोडायचा इथपासून दुसऱ्याला विचारावं लागेल, तेही बायकोच्या देखत. साठीच्या पुरुषाला "मला भीती वाटते" असं म्हणता येत नाही. तो "छप्पर" म्हणतो.

पण छप्पर खरंच गळत असेल तर ते आधी. शाकारणीला आता पुरणार नाही, वासे-रिपाच बदलायला हव्यात असं असेल, तर सुताराला बोलावून आकडा काढा, कागदावर लिहा आणि तेवढे पैसे त्यांच्यासमोर बाजूला ठेवा. मग पुन्हा विचारा. तरीही नको म्हणाले तर त्यांचा नकार खरा माना, रुसू नका, आणि मैत्रिणीबरोबर जा. दोघी एका खोलीत राहिलात तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो. एकटीनं वेगळी खोली मागितलीत की जादा आकार लागतो, हे आधी विचारून घ्या.

पैशाचं बोलायचं तर तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या खूप आधी नोकरीला लागलात, म्हणजे जुनी पेन्शन. दरमहा चूल त्यावर पेटेल. फंड आणि ग्रॅच्युइटी हे वरचे पैसे. (त्या तारखेनंतर लागलेल्या शिक्षकांनी माझं हे उत्तर वाचून उडी मारू नये. तुमचं गणित वेगळं आहे.) तरी रक्कम खात्यात दिसेपर्यंत बुकिंग करू नका, निवृत्तीचे कागद कुठल्या टेबलावर किती दिवस बसतील ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. आणि कर्ज काढून, सोनं गहाण ठेवून किंवा मुलाच्या क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून थाटाची सहल करू नये. यात मी कुणाचंही ऐकणार नाही.

अकरा लाखांच्या आधी पंचवीस हजारांची रंगीत तालीम करा. दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री तारकर्लीला किंवा वेंगुर्ल्याला चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलात राहा. (खोली दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेली की १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून हिशेब करा.) जाताना चिपळूणहून मडगावची जनशताब्दी पकडा; २०१७ पासून तिला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे. तुमच्या माहितीपत्रकातली ग्लेशियर एक्सप्रेस झरमॅट ते सेंट मॉरिट्झ आठ तास घेते, वाटेत ९१ बोगदे आणि २९१ पूल. आपल्या कोकण रेल्वेचे बोगदेही नव्वदीच्या वर आहेत आणि करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटर. काचेच्या छतातून पाच-सहा मिनिटं नुसता काळोख बघायला मिळतो, पण बोगद्यांच्या संख्येत आपण त्या गाडीला हार जात नाही.

या दोन दिवसांत देखाव्याकडे कमी आणि स्वतःकडे जास्त लक्ष ठेवा. सकाळी चादरीची घडी घालून मगच खोलीबाहेर पडता का? जेवल्यावर ताट उचलायला हात जातो का? "आमच्याकडे हेच माशाचं तिखलं शंभरात होतं" हे किती वेळा म्हणालात? आयतं घेणं हेही शिकावं लागतं, आणि चौतीस वर्षं वाटण्यात गेलेल्या हातांना ते अवघड जातं. दोन दिवसांत कंटाळा आला, जीव अवघडला, तर पावणेअकरा लाख वाचले समजा. मजा आली तर मग जाच. आयुष्य बदलेल म्हणून नको, मजा येते म्हणून जा.

जायचं ठरलंच तर पैसे सोयीवर घाला, थाटावर नको. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. मध्ये पहाटे तीनला तिसऱ्याच देशात विमान बदलण्यापेक्षा ते घ्या. पाच गावांऐवजी दोन गावं करा. सामान उचलायला माणूस, लिफ्टचं हॉटेल, रेल्वेत खिडकी, याला जादा मोजा. खोलीत झुंबर आहे का आणि बाथटबमधून डोंगर दिसतो का, याला मोजू नका. पंचतारांकित हॉटेल हवंच असेल तर शेवटच्या दोन रात्री घ्या. पहिल्या दिवसापासून घेतलंत तर चौथ्या दिवशी तुम्हीही माझ्यासारख्या घड्याळ बघाल.

शेवटच्या म्हणण्याला कारण आहे. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगांतून दाखवलं की अनुभव आपल्याला त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून आठवतो. मधले कितीतरी तास मन विसरून जातं. म्हणून मुंबईला उतरल्या रात्रीच बॅगा घेऊन ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये चढू नका. महामार्गावर कंबर मोडून पहाटे शृंगारतळीला उतरलात तर आल्प्सची आठवण पेणपर्यंतच टिकेल. एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडे झोपा, सकाळची गाडी धरून चिपळूणला उतरा.

कागदपत्रांचं थोडक्यात: पासपोर्ट नसेल तर तो आताच मार्गी लावा; नोकरीत असताना त्यासाठी कार्यालयाला कळवावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक फेरी, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्यानं आधीच वसूल केलेला आयकर, घेतला जातो; त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात. महिना म्हणाल तर लावणी आटोपल्यावर, श्रावणाच्या सुमारास. बाग तेव्हा यजमानांना एकट्यानं आवरते, तिकडे उन्हाळा असतो, आणि गणपतीच्या आधी तुम्ही घरात. हे शेवटचं मी सांगायला नको होतं.

राहता राहिला चहा. तिकडच्या हॉटेलात चहा मागितलात की कपभर गरम पाणी येतं, बशीत दोऱ्याला बांधलेली पुडी, आणि दुधाची बोटभर डबी, गार. पुडी किती वेळ बुडवायची ते आपलं आपण ठरवायचं. तुमच्या मनातला चहा तो नव्हे. मनातला चहा तुमच्याच घरात होणारा आहे, फक्त करणारा हात दुसरा हवा. त्यासाठी निवृत्तीची वाट बघायलाही नको. यजमानांना आज रात्री सांगा, "उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडे." विनंतीच्या सुरात नको, वर्गात पाळी लावून देता त्या सुरात सांगा. पहिले आठ दिवस पांचट होईल, पिऊन टाका. गवती चहा विहिरीजवळ असेलच. पातेलं कुठलं घ्यायचं तेवढं दाखवा आणि ओटीवर जाऊन बसा. आलं किसून घालायचं की ठेचून, हे त्यांनी आतून ओरडून विचारलं तरी सांगू नका.